नांवाचें मूळ आणि नांवाचें कूळ

नदीचें मूळ आणि ऋषीचें कूळ शोधूं नये, असें आपले वाडवडील सांगत आले. या म्हणींत माणसाच्या नांवाचा उल्लेख नाहीं, आणि तो नाहीं हें एका परीनें बरेंच झालें. कारण नांवाचें मूळ विचारल्यावांचून मनुष्यास राहवतच नाहीं. मूल जन्मास आलें कीं त्याचें नांव काय, हा पहिला प्रश्न. आणि नांव सांगितलें कीं त्याचा अर्थ काय, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर घरांतील मंडळी देतात. दुसऱ्याचें उत्तर देण्याचें काम नामावळ्यांनीं पत्करलें आहे. पूर्वीं या नामावळ्या देवळाबाहेरच्या दुकानांत आरत्यांच्या पुस्तकांशेजारीं मिळत. आतां त्या बहुतकरून भ्रमणध्वनीच्या पडद्यावर वाचल्या जातात. लेखकाचें नांव त्यांवर सहसा नसतें. डाव्या हातास नांव, उजव्या हातास दोन-तीन शब्दांत अर्थ, असा हा वाङ्मयप्रकार आहे. ज्या घरांत दुसरें कोणतेंही पुस्तक शिरत नाहीं त्या घरांतही तो शिरतो, आणि त्यांतील एका शब्दावर एका जीवाची जन्मभराची ओळख ठरते. एवढ्या वजनाच्या वाङ्मयाची परीक्षा कोणी करूं नये, हें आम्हांस ठीक वाटत नाहीं. प्रस्तुत लेखांत एकाच नांवाच्या निमित्तानें ती करण्याचा आमचा विचार आहे. तें नांव ‘नताशा’ होय.

निमित्त वेरूळचें. विद्यार्थ्यांस लेणीं दाखवून झाल्यावर आम्ही घृष्णेश्वराच्या दर्शनास गेलों असतां तेथें आमचा एक जुना विद्यार्थी सहकुटुंब भेटला. बरोबर त्याचे वडील, पत्नी आणि सहा महिन्यांची कन्या. लहान मूल घेऊन या देवळांत यावें हें योग्यच आहे. घुश्मा नांवाच्या एका भाविक स्त्रीचा मारला गेलेला मुलगा शंकरानें परत दिला व तो तिच्याच नांवानें येथें राहिला, अशी या क्षेत्राची कथा आहे. जेथें देवानें भक्ताचें नांव घेतलें, तेथेंच एका मुलीच्या नांवाचा तंटा आमच्यापुढें आला.

“प्रोफेसरसाहेब, तुम्ही भाषेचे जाणकार,” आजोबा म्हणाले, “आमच्या नातीचें नांव या दोघांनीं नताशा ठेवलें आहे. हें कुठलें नांव? याला अर्थ काय?”

“बाबा, तुम्हांला सांगितलं ना, संस्कृतच आहे तें,” आमचा विद्यार्थी घाईघाईनें म्हणाला. “नत अधिक आशा. जिच्यापुढें आशा नत होते ती.” आणि त्यानें पुराव्यादाखल भ्रमणध्वनीवरील एक नामावळी आमच्यापुढें धरली. मुलीची आई मुलीस खांद्यावर थोपटीत उभी होती. ती कांहींच बोलली नाहीं. देवळाच्या पायरीवर देण्याजोगें हें उत्तर नव्हतें. सविस्तर लिहून पाठवूं, असें आम्हीं आजोबांस सांगितलें. तेंच उत्तर येथें देत आहों.

प्रथम संस्कृत अर्थाचें पाहूं. नत + आशा = नताशा, हा संधि व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, आणि घात तेथेंच होतो. संधि बिनचूक म्हणजे व्युत्पत्ति बिनचूक, असा समज करून घेऊन नामावळीकार स्वस्थ होतो. परंतु संधीनंतर समास सोडवावा लागतो. नत झाली आहे आशा जिची ती नताशा. हा सरळ बहुव्रीहि. याच साच्यांतला आपल्या नित्य परिचयाचा शब्द म्हणजे हताश. हत झाली आहे आशा ज्याची तो हताश; त्याचें स्त्रीलिंगीं रूप हताशा. अर्थात् नामावळीकाराचें म्हणणें खरें मानलें तर ही चिमुकली मुलगी हताशेची धाकटी बहीण ठरते! ‘आशा’ या शब्दाचा संस्कृतांत दिशा असाही अर्थ आहे, आणि ‘जिच्यापुढें दाही दिशा नमतात’ अशी सारवासारव एखादा पंडित करूं शकेल. पण ती वकिली झाली. कोणत्याही संस्कृत ग्रंथकारानें मुलीस हें नांव दिल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. ध्वनि जुळतो म्हणून मूळ जुळतें असें मानण्याची ही खोड जुनी आहे. नामावळ्यांनीं तिला केवळ घरोघर पोंचविलें.

गंमत अशी कीं, ज्यांस हें नांव आपल्या परंपरेंत बसवावयाचें आहे त्यांनीं खोटी व्युत्पत्ति रचण्याऐवजीं आपलेच जुने ग्रंथ उघडले असते तर त्यांचें काम अधिक सोपें झालें असतें. मुलीच्या नांवांत अक्षरें विषम असावीं व तें आकारान्त असावें, असें पारस्करगृह्यसूत्र सांगतें. न-ता-शा : तीन अक्षरें, शेवटीं आ. स्त्रियांचीं नांवें उच्चारास सुलभ, कानास कठोर न लागणारीं, मनास रुचणारीं व दीर्घ स्वरानें संपणारीं असावींत, असें मनु म्हणतो. त्याही कसोट्यांस हें नांव उतरतें. राहिली स्पष्ट अर्थाची व मांगल्याची अट. तिच्याकडे पुढें येऊं. उलट याच मनूनें तिसऱ्या अध्यायांत नक्षत्र, वृक्ष व नदी यांचीं नांवें असलेली वधू वर्ज्य सांगितली आहे. आणि आपल्या आज्या-पणज्या मात्र रोहिणी, तुळसा, गंगा, गोदावरी, यमुना या नांवांनीं सुखानें नांदल्या! गुलाब हा शब्द फारसी, हौस हा अरबी. तरी गुलाबबाई आणि हौसाबाई यांस परकीय म्हणण्याचें कोणा आजोबांच्या मनांत आलें नाहीं. तात्पर्य, नांवांच्या बाबतींत महाराष्ट्रानें शास्त्र फारसें पाळलें नाहीं आणि सोंवळेंही पाळलें नाहीं. त्याला जें गोड वाटलें तें त्यानें घेतलें.

आतां खऱ्या मुळाकडे वळूं. नताशा हें नांव रशियन आहे. ‘नताल्या’ या नांवाचें तें घरगुती, लाडकें रूप. मारियाची माशा, दार्याची दाशा, तशी नताल्याची नताशा. म्हणजे ज्या ‘शा’मध्यें आमच्या विद्यार्थ्यास आशा दिसली, तो केवळ लाडाचा प्रत्यय आहे. नताल्या हें नांव मात्र रशियांत जन्मलेलें नव्हे. तें लॅटिन ‘नातालिस’ या शब्दापासून निघालें. नातालिस म्हणजे जन्मासंबंधीचा. जन्मदिवसाला रोमन लोक ‘दिएस नातालिस’ म्हणत. ख्रिस्ती धर्म रोमन साम्राज्यांत पसरल्यावर या शब्दास दोन नवे अर्थ चिकटले. एक, प्रभूचा जन्मदिवस, अर्थात् ख्रिस्तजयंती. दुसरा अर्थ अधिक विचार करण्याजोगा आहे. धर्मासाठीं प्राण देणाऱ्या हुतात्म्याच्या मृत्यूच्या दिवसासही ख्रिस्ती लोक नातालिस म्हणूं लागले. कारण त्या दिवशीं तो देहांतून सुटून स्वर्गांत जन्मला, अशी त्यांची श्रद्धा. तुकारामबीज आणि आळंदीचा समाधिसोहळा उत्सव म्हणून साजरे करणाऱ्या मराठी वाचकास ही कल्पना समजावून सांगण्याची गरज नाहीं.

नातालिया नांवाची एक साध्वी निकोमीडिया नगरींत चवथ्या शतकाच्या आरंभीं होऊन गेली असें ख्रिस्ती परंपरा सांगते. तिचा पति आड्रियन याला रोमन अधिकाऱ्यांनीं धर्मासाठीं मारलें, आणि तुरुंगांत त्याला धीर देणारी ती त्याच्याबरोबरच पूजनीय ठरली. ग्रीक चर्चनें तिचें नांव जपलें, आणि ९८८ च्या सुमारास कीव्हच्या व्लादिमिर राजानें ग्रीक चर्चचा ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतर तें त्याच वाटेनें रशियन लोकांत गेलें. भाषा रोमची, उपासना ग्रीकांची, आणि लाडाचा प्रत्यय रशियाचा, असें हें तीन गांवचें पाणी आहे.

परंतु याच लॅटिन शब्दाची दुसरी एक शाखा फार पूर्वींच समुद्रमार्गानें आपल्या दारीं येऊन बसली आहे, आणि तिची ओळख आपणांस नाहीं! ती म्हणजे आपला ‘नाताळ’. पोर्तुगीज ही लॅटिनची लेक. तिनें नातालिसचें ‘नाताल’ केलें. पोर्तुगीजांनीं १५१० मध्यें गोवें घेतलें आणि १५३४ मध्यें वसई. वसई चिमाजी आप्पांनीं १७३९ मध्यें जिंकली, गोवें १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे राहिलें. एवढ्या काळांत पाव, चावी, पगार यांच्या संगतीनें नातालही मराठींत आला. पाव, चावी व पगार यांचींही मुळें लॅटिनच आहेत. मराठीनें नातालच्या शेवटच्या ‘ल’चा ‘ळ’ केला आणि त्यास इतकें घरचें करून घेतलें कीं शाळेच्या सुट्यांच्या यादींत दिवाळीखालोखाल तो बसला. गोमंतकांत नातालिना हें मुलीचें नांवही ऐकूं येतें. हिंदुस्थानचा मार्ग शोधावयास निघालेला वास्को द गामा १४९७ च्या नाताळांत आफ्रिकेच्या ज्या किनाऱ्याजवळून जात होता त्या किनाऱ्यास त्यानें नाताल हेंच नांव दिलें, आणि पुढच्या मे महिन्यांत तो कालिकतास पोंचला. महात्मा गांधींनीं १८९४ मध्यें ज्या प्रांतांत नाताल इंडियन काँग्रेस स्थापन केली तो प्रांत हाच. एका लॅटिन विशेषणानें केवढा प्रवास केला पाहा! तेव्हां आजोबांनीं ज्या नांवास परकें म्हटलें त्याचा थोरला भाऊ गेलीं कित्येक शतकें मराठीच्या ओसरीवर बसलेला आहे.

मग मराठी घरांत नताशा कोठून आली? ती समुद्रावरून आली नाहीं, पुस्तकांतून आली. मॉस्कोंत छापलेलीं, गुळगुळीत कागदाचीं आणि अल्प किंमतीचीं मराठी पुस्तकें आमच्या बाळपणीं ग्रंथप्रदर्शनांत मिळत. सोव्हिएत संघ १९९१ मध्यें लयास जाईपर्यंत हा ओघ चालू होता. त्यांतील मुलामुलींचीं नांवें वाचणारांच्या जिभेवर खेळत असत. पण या सर्वांच्या मागें उभी आहे ती तॉलस्तॉयच्या ‘युद्ध आणि शांति’ या महाकादंबरीची नायिका, नताशा रोस्तोव्हा. एखाद्या नांवाचा अर्थ कोशानें नव्हे, तर वाङ्मयानें कसा घडवावा याचें याहून चांगलें उदाहरण आम्हांस माहीत नाहीं. म्हणून तिच्यापाशीं थोडें थांबूं.

तॉलस्तॉय तिला प्रथम रंगभूमीवर आणतो तो दिवस नामदिनाचा आहे. रशियन घरांत ज्या संताचें नांव आपणांस दिलेलें त्याच्या स्मरणाचा दिवस हा आपला सण. त्या दिवशीं रोस्तोव्हांच्या घरीं दोघींचा सण आहे. कारण आई आणि धाकटी मुलगी या दोघींचेंही नांव नताल्या. दिवाणखान्यांत प्रतिष्ठित मंडळी बसलेलीं असतां तेरा वर्षांची नताशा झग्यांत बाहुली लपवून धांवत येते आणि हंसूं लागते, तें तिला आवरतच नाहीं. जन्म हा ज्याचा धात्वर्थ त्या नांवास शोभेल असाच हा प्रवेश आहे. परंतु तॉलस्तॉयनें धात्वर्थाकडे पाहून तो रचला असें आम्हांस वाटत नाहीं. पुढें खेड्यांतल्या एका नातलगाच्या घरीं शिकारीनंतरच्या रात्रीं तंतुवाद्य वाजूं लागतें आणि ही मुलगी शेतकऱ्यांचें नृत्य करते. फ्रेंच शिक्षिकेच्या हाताखालीं वाढलेल्या या सरदारकन्येनें हें कधीं पाहिलें, हें तिच्या अंगांत कोठून आलें, असा प्रश्न लेखकासच पडतो. आणि १८१२ मध्यें नेपोलियन मॉस्कोवर चालून आला असतां, घरचें सामान लादलेल्या गाड्या रिकाम्या करून त्यांत जखमी शिपाई घ्या, असा हट्ट धरणारी तीच. गालिचे व भांडीं मागें राहतात, माणसें पुढें जातात. नताशा या नांवाचा अर्थ आम्हांस कोणी विचारला तर या गाड्या आमच्या डोळ्यांपुढें येतात.

मात्र नांवांत गुण असतो असें यावरून कोणीं ठरवूं नये. चेखॉव्हच्या ‘तीन बहिणी’ या नाटकांत, जें मॉस्कोच्या आर्ट थिएटरनें १९०१ मध्यें प्रथम केलें, नताशाच आहे. आणि ती कोण? तिघी नणंदांच्या घरांत हळूहळू पाय पसरून शेवटीं त्यांनाच घराबाहेर काढणारी भावजय. बाळाला ऊन मिळावें म्हणून ती नणंदेची खोली मागते. म्हातारी दाई आतां कामास येत नाहीं म्हणून तिला हांकलून देण्याचें बोलते. अखेरीस दारच्या झाडांची रांग तोडावयास निघते. तेंच नांव, तोच धातु, तोच प्रत्यय. एकीनें गाड्या रिकाम्या केल्या, दुसरीनें खोल्या. तेव्हां नांवाच्या मुळाशीं अर्थ असतो खरा. परंतु मनुष्य त्या अर्थास बांधलेला नसतो.

आतां मांगल्याच्या व स्पष्ट अर्थाच्या अटीकडे वळूं, कारण आजोबांचा खरा आक्षेप तेथें आहे. लॅटिन आणि संस्कृत या एका कुळांतील भाषा आहेत, ही गोष्ट सर विल्यम जोन्स यांनीं १७८६ मध्यें कलकत्त्यास बोलून दाखविली, आणि पुढील विद्वानांनीं ती वर्णावर्णांनीं सिद्ध केली. नातालिस हा शब्द ‘नातुस’ म्हणजे ‘जन्मलेला’ यावरून आला. नातुसचें जुनें लॅटिन रूप ‘ग्नातुस’ होतें. मूळ भाषेंतील ज्या व्यंजनाचा लॅटिनमध्यें ‘ग’ झाला आणि शब्दारंभीं पुढें गळून पडला, त्याच व्यंजनाचा संस्कृतांत ‘ज’ झाला. म्हणून लॅटिनचा नातुस तोच संस्कृताचा जात. जन्म, जननी, प्रजा हें सर्व त्याच धातूचें गोत. ‘नेशन’ आणि ‘नेचर’ हे इंग्रजी शब्दही त्याच लॅटिन धातूपासून आलेले. तेव्हां नताशेची संस्कृतांतील खरी बहीण पाहिजे असेल तर ती ‘हताशा’ नव्हे. ती ‘सुजाता’ होय. सिद्धार्थ गौतमास बोधीच्या आधीं जिनें खीर दिली ती सुजाता. आणि दुसरी ‘गिरिजा’. त्याच दिवशीं सकाळीं वेरूळच्या कैलासांत, रावणानें पर्वत हलविला तेव्हां शंकराच्या दंडास बिलगलेली पार्वती आम्हीं विद्यार्थ्यांस दाखविली होती. राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळीं, आठव्या शतकांत, घडविलेल्या त्या गिरिजेच्या नांवांतील ‘जा’ आणि या सहा महिन्यांच्या मुलीच्या नांवांतील ‘न’ हीं एकाच धातूचीं दोन रूपें आहेत, हें त्या वेळीं आमच्याही ध्यानांत आलें नव्हतें.

येथें एक इशारा देणें अवश्य आहे. हें नातें ऐकून ‘मग नांव मूळचें आपलेंच!’ असा जयघोष करणारे कांहीं थोडे नाहींत. त्यांस आमचें सांगणें कीं, चुलतबहीण सांपडली म्हणजे ती आपली लेक ठरत नाहीं. लॅटिन संस्कृतापासून निघाली नाहीं. दोघींची आई तिसरीच, आणि तिचा एकही लेख उरलेला नाहीं. नात्यांत आनंद असावा, मालकी नसावी. खोटी व्युत्पत्ति करणारा आणि सर्व जगास संस्कृतोद्भव ठरविणारा या दोघांची भीति एकच असते : नांव बाहेरचें ठरलें तर आपण उणे ठरूं. या भीतीस वेरूळइतकें चांगलें उत्तर दुसऱ्या कोणत्या गांवानें क्वचितच दिलें असेल.

वेरूळची पाटीलकी भोसल्यांची. घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार ज्या मालोजीराजांनीं केला (अठराव्या शतकांत तो पुन्हां अहल्याबाई होळकरांनीं केला) त्या मालोजींस व उमाबाईंस बरेच दिवस मूल नव्हतें. अहमदनगरच्या, म्हणजे आतांच्या अहिल्यानगरच्या, शहा शरीफ या पीरास त्यांनीं नवस केला, आणि पुत्र झाले त्यांचीं नांवें शहाजी व शरीफजी ठेविलीं, अशी परंपरा आहे. शहा हा शब्द फारसी, शरीफ हा अरबी. पुढें ‘सिंह’ या शब्दावरून शहाजी हें नांव काढण्याचाही प्रयत्न आपल्याकडे झाला. आमच्या विद्यार्थ्याच्या ‘नत अधिक आशा’चा तो वडील बंधूच म्हणावयाचा. खरें पाहतां शहा या शब्दाचें जुन्या इराणी शिलालेखांतलें रूप आणि संस्कृत ‘क्षत्र’ हीं एकाच धातूचीं लेकरें आहेत. परंतु मालोजीराजांनीं धातु पाहून नांव ठेविलें नाहीं. घृष्णेश्वराच्या या परम भक्तास पीराच्या नांवानें मुलाला हांक मारतांना आपला देव उणा झालासें वाटलें नाहीं. त्या नांवाचा अर्थ ‘राजा’ हा नव्हता. त्याचा अर्थ कृतज्ञता हा होता.

आणि पुढें काय झालें? शरीफजी १६२४ मध्यें भातवडीच्या लढाईंत पडले. शहाजीराजांच्या पुत्रानें स्वराज्य स्थापिलें, फारसी मुद्रांची चाल असतां आपली राजमुद्रा संस्कृतांत घडविली, आणि १६७४ च्या राज्याभिषेकानंतर दरबारी फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द देण्यासाठीं राज्यव्यवहारकोश करविला. भाषेविषयीं एवढा जागरूक राजा. परंतु त्याच्या त्याच संस्कृत मुद्रेंत तो आपली ओळख ‘शाहाचा पुत्र’ अशी देतो. फारसी शब्द संस्कृत समासांत मानानें बसला आहे. बदलावयाचे शब्द कोणते आणि बापाचें नांव कोणतें, हें त्यास कळत होतें. आज शहाजी हें नांव इतकें मराठी आहे कीं त्याचा अर्थ कोणी विचारीत नाहीं, आणि विचारला तर ‘शिवाजीमहाराजांचे वडील’ हेंच उत्तर मिळेल. नांव असें भरलें जातें.

याच्या उलट बाजूस एक नांव ठेवून पाहूं. ‘नकुशा’. मूळ शुद्ध मराठी, अर्थ लहान मुलासही कळणारा : नकोशी. मुलगाच हवा असतां मुलगी झाली म्हणून तिला हें नांव देण्याची चाल आपल्याकडे कांहीं भागांत होती. २०११ मध्यें सातारा जिल्ह्यांत अशा अडीचशेंहून अधिक मुलींस जाहीर समारंभांत नवीं नांवें देण्यांत आलीं. नताशा आणि नकुशा. दोन्हींत तीन अक्षरें, दोन्ही आकारान्त. एकीचें मूळ रोमांत, दुसरीचें आपल्या अंगणांत. मूळ स्वदेशी आणि अर्थ उघड असला म्हणजे नांव मंगल होतें असें ज्यांस वाटतें, त्यांनीं या दोन नांवांपैकीं आपल्या नातीसाठीं कोणतें निवडाल याचें उत्तर द्यावें.

म्हणून नांवाची परीक्षा करतांना मुळाच्या जोडीस आणखी एक प्रश्न विचारला पाहिजे : हें नांव कोणीं ठेविलें, आणि कां? वेरूळास निरोप घेतांना आम्हीं तो त्या मुलीच्या आईस विचारला. आपणांस कोणी कांहीं विचारील अशी तिची अपेक्षा नव्हती. ती म्हणाली, “सर, हें नांव माझ्या आईला माझं ठेवायचं होतं. तिनं लग्नाआधीं वाचनालयांतून आणून ती कादंबरी वाचली होती. पण बारशाला आत्याबाईंनीं दुसरं नांव कानांत सांगितलं, आणि तेंच राहिलं. आई आतां नाहीं.” आमचा विद्यार्थी तिच्याकडे पाहतच राहिला. त्यालाही हें ठाऊक नव्हतें; नामावळींत अर्थ पाहून तिनें नांव सुचविलें अशी त्याची समजूत होती. आपणांत आत्यानें नांव सांगावें ही चाल गोड आहे. परंतु बारशाला मुलीच्या आजोळचें मत किती घरांत घेतात? आणि लग्नांत तांदुळाच्या ताटांत अंगठीनें वधूचें नवें नांव लिहितांना, जन्मापासून जें नांव ती वागवीत आली त्याचा अर्थ आपण तिला कधीं विचारतों काय? स्त्रियांच्या नांवांचे अर्थ सांगणाऱ्या नामावळ्या पुष्कळ. स्त्रीनें ठेविलेल्या नांवाची हकीकत सांगणारी एकही आमच्या पाहण्यांत नाहीं.

नामावळीकारांस आम्ही दोष दिला. तेव्हां कशी नोंद असावी हेंही सांगणें प्राप्त आहे. नमुन्यादाखल ही पाहावी :

‘नताशा : रशियन स्त्रीनाम, नताल्या या नांवाचें लाडकें रूप. मूळ लॅटिन नातालिस, जन्मासंबंधीचा. मराठी नाताळ हा याच मुळाचा. संस्कृत जात, सुजाता, गिरिजा हे दूरचे भाऊबंद. तॉलस्तॉयच्या कादंबरीची नायिका. चेखॉव्हच्या नाटकांतील एक भावजय. संस्कृत नत व आशा यांशीं संबंध नाहीं.’

एवढें लिहावयास चार ओळी पुरतात, आणि त्यांत खोटें एक अक्षर लागत नाहीं. ही नोंद आम्ही आजोबांकडे पाठवीत आहों. तिच्याखालीं एक ओळ कोरी ठेविली आहे. नांव कोणीं ठेविलें हें त्या ओळींत त्यांनीं आपल्या हातानें लिहावें, आणि तें लिहितांना सुनेच्या आईचें नांव विसरूं नये, एवढीच विनंती.